विश्रामबागवाडा (पुणे)

पुण्यातील उत्तर पेशवाईतला वाडा आणि पेशवाई बुडाल्यावर शहरातील सरकारी शिक्षणाची पहिली वास्तू. दुसऱ्या बाजीरावाने तो राहण्यासाठी बांधविला. बांधकामाचे वर्ष सामान्यतः १८०७ देतात. काही लेखकांच्या मते काम त्याआधी सुरू होऊन काही वर्षे चालले. एवढा विस्तार एका वर्षात उभा राहणे अवघड, त्यामुळे १८०७ हे मुख्य भाग वापरात आल्याचे साल मानणे अधिक सयुक्तिक वाटते. खर्चाचा प्रचलित आकडा दोन लाख रुपये आहे.

वाडा चौकांभोवती रचलेला असून सांगाडा सागवानी आहे. रस्त्याकडील दर्शनी भागाचे कोरीव लाकूडकाम आणि पुढे आलेला सज्जा ही त्याची ओळख. आतील सुरूदार खांब खाली फुगीर व वर निमुळते असून त्यांच्या माथ्यावरून लाकडी महिरपी निघतात. हा घाट कोठून आला याविषयी मतभेद आहेत. काही जण त्याचे मूळ शाहजहानकालीन मोगल स्तंभांत पाहतात, तर काही देशी लाकूडकामाच्या परंपरेवर भर देतात. दगडी मोगल नमुना उत्तरेशी वाढलेल्या संबंधांतून इकडे आला व सुतारांनी तो सागवानात उतरविला, हे मत जास्त पटणारे आहे. खांबावर केळफुलासारखी नक्षी कोरणे मात्र इथल्याच कारागिरांच्या सवयीचे.

६ ऑक्टोबर १८२१ रोजी दख्खनचा कमिशनर विल्यम चॅप्लिन याच्या पुढाकाराने येथे संस्कृत पाठशाळा निघाली. पेशवे विद्वान ब्राह्मणांना वाटत त्या दक्षिणेच्या निधीतील काही भाग तिच्यासाठी वळविण्यात आला. म्हणजे वाडाही पेशव्यांचा आणि पैशाची परंपराही त्यांचीच. पुढे मेजर टॉमस कँडी याच्याकडे देखरेख आली. १८५१ मध्ये पाठशाळा व सरकारी इंग्रजी शाळा एकत्र होऊन पूना कॉलेज झाले. तेच १८६४ पासून डेक्कन कॉलेज म्हणून ओळखले जाऊ लागले आणि १८६८ मध्ये येरवड्याच्या नव्या इमारतीत गेले. १६ नोव्हेंबर १८५२ रोजी स्त्रीशिक्षणाच्या कार्याबद्दल जोतीराव फुले यांचा सरकारतर्फे सत्कार झाला तो याच वाड्यात. ज्या निधीवर पाठशाळा उभी राहिली, त्यातून मराठी ग्रंथकारांनाही बक्षिसे मिळावीत असा अर्ज करणाऱ्या सुधारकांच्या पाठीशी फुले थोड्याच वर्षांपूर्वी उभे राहिले होते.

मे १८७९ मध्ये बुधवारवाड्यास व विश्रामबागवाड्यास आग लावण्यात आली. बुधवारवाडा नाहीसा झाला. विश्रामबागवाड्याचा काही भाग जळाला व तो पुढे दुरुस्त करण्यात आला. संशय प्रथम वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडाकडे वळला होता, पण गुन्हा शाबीत झाला तो सरकारी बुक डेपोतील एका नोकरावर. आगीनंतरच्या दुरुस्तीमुळे आज दिसणारे सगळे लाकूडकाम एकाच काळातले धरता येत नाही.

पुढे वाड्यात नगरपालिकेच्या कचेऱ्या होत्या. दर्शनी भागाचे जतन झाले असून शहराच्या इतिहासाचे प्रदर्शन आत मांडलेले आहे.