चिंध्यांची दरी: मागावरची आणि पिळाची

अमेरिकेतल्या दुकानांत ‘चिंदी रग’ म्हणून भारतातून गेलेल्या रंगीबेरंगी दऱ्या, म्हणजे सतरंज्या, विकायला असतात. तिथल्याच विणकरांच्या गिल्डमध्ये, म्हणजे संघात, चारजणी टेबलाभोवती बसून जुन्या चादरींच्या पट्ट्यांतून जे करतात, तेही रॅग रगच, म्हणजे चिंध्यांची दरीच. फोटोत दोन्ही सारख्याच दिसतात. त्यामुळे ट्वायनिंगच्या, म्हणजे हाताने पीळ देत दरी करण्याच्या, वर्गाला आलेलं कुणीतरी हमखास विचारतं, “माग कुठाय?”

माग नसतोच. खरा फरक तिथूनच सुरू होतो.

मागावरच्या दरीत ताणा, म्हणजे उभे दोरे, सुताचा असतो: जाड, घट्ट पिळाचा दोरा, साधारण इंचाला १२. पायाखालची पावडी दाबली की अर्धे दोरे वर उचलले जातात, मधल्या फटीतून चिंध्यांची पट्टी आरपार जाते, फणी जोरात आपटली की ओळ झाली. हात बसला की काम भराभर सरकतं.

ट्वायनिंगमध्ये फटही नाही आणि फटीतून पट्टी नेणारा धोटाही नाही. लाकडी चौकटीच्या वर-खाली खिळे मारलेले असतात आणि त्यांवरून ताण्यालाही बहुतेकदा कापडाचीच पट्टी फिरवतात. बाण्याला, म्हणजे आडव्या विणीला, एका वेळी दोन पट्ट्या लागतात. एक उभ्या पट्टीच्या पुढून जाते, दुसरी मागून. मग दोघींना अर्धा पीळ देऊन जागा बदलायची आणि पुढची उभी पट्टी त्यांच्यामध्ये धरायची. दोन पेडांची दोरी वळावी तसंच हे, फक्त प्रत्येक पिळात एक उभी पट्टी अडकवत जायचं. सगळं बोटांनी, त्यामुळे काम मुंगीच्या पावलांनी होतं. पण ही रीत फार जुनी आहे. पेरूमधल्या हुआका प्रिएता इथे सापडलेल्या चार हजारांहून जास्त वर्षांपूर्वीच्या सुती कापडांत बहुतांश कापडं अशीच केलेली आहेत, आणि अलास्काच्या ट्लिंगिट लोकांची चिल्कट घोंगडीही ट्वायनिंगचीच.

हातात आलेली दरी कुठली हे ओळखायला तिचं टोक बघावं. सुताची झालर किंवा गाठी दिसल्या तर बहुधा मागावरची. पिळाच्या दरीच्या चारही कडा बंद असतात, कारण ताणा खिळ्यांवरून सलग फिरलेला असतो. मग अंगावरची वीण बघा. मागावरच्या दरीत चिंध्यांवरून जाणारे बारीक उभे दोरे दिसतात. पिळाच्या दरीत ताणा पूर्ण झाकलेला आणि वर छोटे तिरपे टाके. एका ओळीत पीळ आपल्याकडे आणि पुढच्या ओळीत पलीकडे दिला, तर तेच टाके सुयांवर विणलेल्या स्वेटरसारखे दिसतात, आणि भले भले फसतात.

मला ट्वायनिंगची गोडी लागली ती रंगांमुळे. एक पट्टी लाल, दुसरी पांढरी घेतली की पुढच्या बाजूला लाल, पांढरा, लाल, पांढरा असे टाके पडतात, आणि मागच्या बाजूला नेमके उलटे. मध्येच लाल दोनदा सलग हवा असेल, तर अर्ध्याऐवजी पूर्ण पीळ द्यायचा. एवढ्यावर नक्षी निघते. मागावरच्या साध्या विणीत एकच पट्टी जाते, म्हणून तिथे मुख्यतः आडवे पट्टे.

टिकाऊपणात माझं मत पिळाच्या बाजूने. मागावरच्या दरीचा उघडा सुती ताणा आधी झिजतो, दोरे तुटतात आणि आतल्या चिंध्या सुटून लोंबायला लागतात. पिळाच्या दरीत झीज आधी बाणा सोसतो. मात्र कापड बरंच जास्त खाते आणि धुतल्यावर जड होते.

शिकणाऱ्यांची खोड दोन्हीकडे एकच, पट्टी ओढून घेणे. मग दरीला मधोमध कंबर पडते. ट्वायनिंगच्या चौकटीला म्हणून दोन्ही बाजूंना सळ्या लावतात आणि कडेची उभी पट्टी सळीसकट गुंफतात. शेवटच्या ओळींना वरच्या खिळ्यांपाशी बोटं शिरत नाहीत, म्हणून थोडं वरून करून घ्यायचं, थोडं खालून, आणि मध्ये मिळवायचं.

वर्ग निवडताना घराचा विचार आधी करावा. मागाच्या वर्गात ताणा बहुधा आधीच चढवलेला असतो, त्यामुळे दरी लवकर हातात पडते, पण माग तिथेच राहतो. ट्वायनिंगच्या वर्गातून अर्धवट दरी चौकटीसकट काखोटीला मारून घरी येते. ती पुरी करायला पुढे कितीतरी संध्याकाळी जातात. तेव्हा चौकट घरी नेता येते का, हे पैसे भरण्याआधी विचारून घ्यावं.