फोटोतली माहिती नेमकी कुठे गळते?

फॉरवर्ड होत होत आलेला फोटो धूसर दिसला, की 'जेपेगमध्ये (फोटो लहान करून साठवणाऱ्या .jpg फाइलमध्ये) फोटोचं गणिती रूपांतर होतं, त्यात माहिती जाते' असं सर्रास सांगितलं जातं. हा त्या गणितावर अन्याय आहे.

शेजारशेजारचे दोन पिक्सेल घ्या. त्यांचा उजळपणा 100 आणि 104. सरासरी 102, सरासरीपासूनचं अंतर 2. आता मूळ आकडे खोडून टाका. 102 मधून 2 वजा केले की 100 मिळतात, मिळवले की 104. काहीच हरवलं नाही. सरासरी आणि अंतर दोन्हींना √2 ने गुणलं, तर आलेखकागदावर आपण अक्ष 45 अंशांनी फिरवले असं होतं. बिंदू जागचा हलत नाही, त्यामुळे वर्गांची बेरीजही तीच राहते. आधी 10000 + 10816, आता 20808 + 8. बेरीज दोन्हीकडे 20816, पण जवळजवळ सगळी एकाच आकड्यात गोळा झाली! शेजारचे पिक्सेल बहुधा सारखेच असतात, म्हणून हे जमतं.

नासिर अहमद या बेंगळुरूत जन्मलेल्या अभियंत्याने टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासोबत 1974 मध्ये मांडलेलं डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म हे गणिती रूपांतर याच जातीचं. जेपेगमध्ये ते 8 × 8 च्या चौकोनातल्या 64 पिक्सेलवर चालतं, म्हणजे 64 मितींमध्ये अक्ष फिरतात. बाहेर पडतात 64 गुणांक. पहिला चौकोनाच्या सरासरी उजेडाचा. पुढचे गुणांक कोसाइनच्या कोणत्या लाटा किती प्रमाणात मिसळल्या आहेत ते सांगतात, आधी संथ, मग अधिकाधिक दाट. साध्या फोटोत वर्गांच्या बेरजेतला बहुतेक वाटा सुरुवातीच्या मोजक्या गुणांकांकडे जातो.

गळती होते ती मुख्यतः पुढच्या पायरीत. प्रत्येक गुणांकाला ठरलेल्या आकड्याने भागून उत्तर जवळच्या पूर्णांकात बसवतात. जेपेग मानकातल्या उजळपणाच्या नमुना तक्त्यात पहिल्या गुणांकाचा भाजक 16, तर शेवटच्याचा 99. शेवटचा गुणांक 30 असेल, तर 30 भागिले 99 चं थेट शून्य. अशा शून्यांच्या रांगा थोडक्यात लिहिता येतात, म्हणून फाइल लहान होते. पण त्या शून्याच्या जागी 30 होते की 12, हे फाइलमध्ये कुठेच उरत नाही.

म्हणूनच 'एआयने हरवलेले तपशील परत मिळवा' या जाहिरातींवर विश्वास ठेवू नये. ते अ‍ॅप शोभेल असा नवा तपशील रंगवून देतं. घरच्या फोटोला ते चालेल. पण सीसीटीव्हीतल्या धूसर चेहऱ्यावरून माणूस ओळखायचा असेल, तर असा रंगवलेला चेहरा पुरावा म्हणून धरता येणार नाही.