दुकानातला मरून गालिचा घरी मळका का दिसतो?

लग्नसराई तोंडावर आली की जळगाव-धुळ्याकडे घरांना रंग लागतात, बैठकीच्या खोलीत नवा गालिचा येतो आणि मग तक्रार सुरू होते: "दाखवला एक आणि बांधून दिला दुसराच!" दुकानात खुललेला मरून घरी विटकरी-तपकिरी दिसत असतो. दुकानदार शपथा घेतो, आणि बहुतेक वेळा तो खरं बोलत असतो. गालिचा तोच असतो. बदललेला असतो दिवा.

लाल वस्तू लाल प्रकाश परत फेकते, हे शाळेत शिकलोय. पण परत फेकायला तो आधी दिव्यात असावा लागतो. जुन्या पिवळ्या बल्बमध्ये लाल भरपूर असायचा. पांढऱ्या एलईडीत मुळात सुमारे ४५० नॅनोमीटर तरंगलांबीचा निळा प्रकाश तयार होतो. त्यातला काही भाग फॉस्फरचा लेप शोषून घेतो आणि पिवळसर प्रकाश देतो. दोन्ही मिळून आपल्याला पांढरं दिसतं. निळ्या एलईडीच्या शोधाला २०१४ चं नोबेल मिळालं, ते योग्यच. मात्र स्वस्त दिव्यांत ६२० नॅनोमीटरच्या पुढचा गडद लाल फार तुटपुंजा असतो, आणि मरूनची सगळी मदार नेमकी त्याच्यावर.

दिव्याच्या खोक्यावर 'सीआरआय ८०' असं छापलेलं असतं. दिवा रंग किती खरे दाखवतो याचा हा आकडा, पण तो आठ सौम्य रंगांच्या नमुन्यांची सरासरी आहे. नववा नमुना गडद लाल. त्याला 'आर-९' म्हणतात आणि तो सरासरीत धरतच नाहीत. त्यामुळे सीआरआय ८० असलेल्या दिव्याचा आर-९ शून्याजवळही असू शकतो. गालिचावर हजारो रुपये घालवणारे आपण दिवा घेताना फक्त वॅट विचारतो!

आता माझा आवडता भाग. डोळ्यात रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी तीनच प्रकारच्या. समोरून येणाऱ्या प्रकाशात शेकडो तरंगलांबींचं मिश्रण असलं तरी मेंदूकडे जातात ते तीन आकडे. बाजारात बंद पिशवीचं फक्त वजन कळावं, आत भरताची वांगी आहेत की बटाटे ते कळू नये, तसं हे. दिव्याचा वर्णपट (कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश किती, ते) गुणिले कापडाची परावर्तनक्षमता गुणिले शंकूपेशीची संवेदनशीलता, आणि सगळ्या तरंगलांबींवर त्याची बेरीज. दोन वेगळ्या वर्णपटांची बेरीज एकाच दिव्याखाली तंतोतंत सारखी येऊ शकते आणि दुसऱ्या दिव्याखाली फुटू शकते. याला मेटामेरिझम म्हणतात. लोकरीचा गालिचा आम्लरंगांत बुडवून रंगवतात, पॉलिप्रॉपिलीनमध्ये धागा काढण्याआधीच रंगद्रव्य मिसळतात, आणि पडद्याच्या पॉलिस्टरचे रंग तिसऱ्याच जातीचे. दुकानात 'मॅच' झालेली जोडी घरी भांडते ती यामुळे. मोबाइलवर फोटो काढून जुळवायलाही जाऊ नका; कॅमेरा पांढऱ्याचा तोल स्वतःच्या मर्जीने साधतो.

'आग्नेयेच्या खोलीत लाल, उत्तरेच्या खोलीत निळा' असं वास्तुवाले सांगतात, आणि वर फीही घेतात. दिशेला महत्त्व आहे, पण त्याचं कारण सूर्य आहे. उत्तरेच्या खिडकीतून मुख्यतः आकाशाचा निळसर, पसरलेला प्रकाश येतो. पश्चिमेकडून दुपारनंतर पिवळट, तिरपा. त्यात आपल्या खानदेशात मेमध्ये सकाळी दहाच्या आत खिडक्या बंद, कूलर सुरू. म्हणजे वर्षातले काही महिने भरदिवसाही गालिचा दिव्याखालीच पाहिला जातो. तेव्हा दुकानदाराकडून हातभर तुकडा मागून आणा आणि तो दिवसा, रात्री, पडद्याशेजारी ठेवून बघा.

तुकडा फरशीवरच ठेवा, हातात धरू नका. शेजारचा रंगही नजरेला फसवतो. पॅरिसच्या गोबेलँ या विणकामाच्या कारखान्यात काळ्या धाग्यांचा रंग फिका पडतो अशी तक्रार होती. तिथल्या रंगविभागाचा प्रमुख, रसायनशास्त्रज्ञ शेव्रल याने तपासलं तर रंग उत्तम होता. शेजारचे निळे-जांभळे धागे त्याचा घात करत होते. १८३९ मध्ये त्याने हे सविस्तर मांडलं. हिरवट कोटा फरशीवर करडा गालिचा किंचित गुलाबी भासतो, तो याच कारणाने.

विणीबद्दल थोडक्यात. आपल्याकडच्या काळ्या मातीची बारीक धूळ पायांबरोबर आत येतेच. एकरंगी फिकट गालिचा ती लगेच दाखवतो, एकरंगी गडद गालिचा वाळलेली करडी धूळ दाखवतो. मध्यम छटेचा, मिश्र ठिपक्यांचा बरा. आखूड लव (गालिचावर उभे असलेले धागे) झटकायला सोपी. कापलेल्या लवेच्या गालिचावर झाडू फिरवल्यावर उमटणारे पट्टे म्हणजे डाग नव्हेत: धाग्याची टोकं समोर आली की प्रकाश खोल जाऊन अडकतो आणि भाग गडद दिसतो, बाजू समोर आली की उजळ. म्हणून खोलीभर दोन तुकडे जोडून टाकायचे असतील तर दोन्हींची लव एकाच दिशेला आहे ना, ते कारागिराला आधीच हात फिरवून बघायला सांगा.