जेब बुश यांनी आडनाव का गाळलं?

१५ जून २०१५ रोजी मायामीत एका माणसानं अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदासाठी उमेदवारी जाहीर केली. वडील देशाचे ४१वे राष्ट्राध्यक्ष, थोरला भाऊ ४३वा, आजोबा सिनेटर, आणि स्वतः आठ वर्षं फ्लोरिडाचे गव्हर्नर. आपल्याकडे अशा उमेदवाराच्या फ्लेक्सवर आजोबांपासून सगळ्यांचे फोटो आले असते. या माणसाच्या फलकावर मात्र लाल अक्षरांत एवढंच होतं : 'जेब!' बुश हे आडनाव कुठेच नव्हतं.

गंमत अशी की 'जेब' हे मुळात नावच नाही. जॉन एलिस बुश या नावाची ती तीन आद्याक्षरं. आडनाव झाकलं तरी शेवटचा 'ब' उरलाच! फ्लोरिडातल्या पहिल्या निवडणुकांपासून ते हेच चिन्ह वापरत होते, त्यामुळे २०१५ मध्ये ते मुद्दाम नव्यानं घडवलं होतं असं नाही. तरीही पत्रकारांनी त्याचा अर्थ लावायचा तो लावलाच. स्वतःच्या आईनंही दोन वर्षांपूर्वी टीव्हीवर सांगून टाकलं होतं की बुश पुष्कळ झाले, आता दुसऱ्या कुणाला तरी संधी मिळू दे.

पुढे जे झालं ते राजकारणाच्या अभ्यासकांना अजून चघळायला पुरतं आहे. जेब यांच्या पाठीराख्या गटानं पहिल्या सहा महिन्यांतच दहा कोटी डॉलरच्या वर निधी जमवला होता. रिपब्लिकन पक्षातल्या बाकी इच्छुकांना तेवढं स्वप्नातही दिसत नव्हतं. पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या राज्यवार मतदानात मात्र आयोवात त्यांना जेमतेम तीन टक्के मतं मिळाली, न्यू हॅम्पशायरमध्ये चौथा क्रमांक, साउथ कॅरोलिनातही चौथा. शेवटच्या आठवड्यात भाऊ जॉर्ज डब्ल्यू. प्रचाराला आले, तरी उपयोग झाला नाही. २० फेब्रुवारी २०१६ च्या रात्री जेब यांनी माघार घेतली.

आता प्रश्न असा की आडनावानं त्यांना तारलं की बुडवलं? दहा कोटी डॉलर आडनावाशिवाय जमले नसते, हे उघड आहे. आणि मे २०१५ मध्ये मुलाखतकर्तीनं विचारलेला प्रश्नही आडनावाशिवाय आला नसता : आज जे माहीत आहे ते तेव्हा माहीत असतं, तर इराकवर हल्ला केला असता का? जेब आधी हो म्हणाले. मग म्हणाले, प्रश्न नीट ऐकला नाही. मग म्हणाले, जर-तरला उत्तर देणार नाही. चौथ्या दिवशी नाही म्हणाले. दुसऱ्या कुठल्याही उमेदवाराला हे उत्तर द्यायला चार सेकंद पुरले असते. इथे 'नाही' म्हणणं म्हणजे सख्ख्या भावाला चुकीचं ठरवणं होतं.

एकच आडनाव पैसेही आणतं आणि हा प्रश्नही आणतं. मग त्याचा परिणाम मोजायचा कसा? सुरुवात मतदाराच्या डोक्यापासून करू.

१९६८ मध्ये रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञानं लोकांना निरर्थक शब्द, चिनी अक्षरं, अनोळखी चेहरे दाखवले. काही एकदाच, काही पंचवीस वेळा. जे जास्त वेळा दिसलं, ते लोकांना जास्त चांगलं वाटलं. अर्थ कळण्याचा संबंधच नव्हता, नुसती नजरेची ओळख पुरली. या परिणामाचे प्रयोग तेव्हापासून अनेकांनी अनेक तऱ्हांनी करून पाहिले आहेत आणि तो पुन्हा पुन्हा सापडतो.

मला त्याहून मोलाचा वाटतो तो १९८९ मधला लॅरी जॅकोबी आणि सहकाऱ्यांचा प्रयोग. त्यांनी लोकांना काही नावं वाचायला दिली आणि स्पष्ट सांगितलं की यातलं कुणीही प्रसिद्ध नाही. त्यातलं एक नाव होतं सबॅस्टियन वाइसडॉर्फ. लगेच विचारलं तर लोक बरोबर सांगत, हा कुणी नाही, मघाच्या यादीतला. एक दिवस मध्ये गेला की मात्र तीच नावं त्यांना प्रसिद्ध वाटू लागत. ओळख टिकली होती, पण ती कुठून आली हे पुसलं गेलं होतं. आपली स्मृती या दोन गोष्टी वेगळ्या ठेवते, आणि दुसरी आधी विरते.

याचा अनुभव मी स्वतः घेतला आहे. आमच्या प्रभागात एका वेळी चार मतं द्यायची होती. तिघांचं ठरलेलं होतं. चौथ्या यादीत एक नाव ओळखीचं वाटलं, काम करणारा माणूस असावा म्हणून बटण दाबलं. घरी येऊन चहा पिताना आठवलं, ते नाव चौकातल्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर खाली, शुभेच्छुकांच्या रांगेत वाचलं होतं!

व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या सिंडी कॅम आणि एलिझाबेथ झेकमाइस्टर यांनी २०१३ मध्ये हाच धागा निवडणुकीपर्यंत नेला. पडद्यावर एक नाव इतक्या झटकन चमकवायचं की पाहणाऱ्याला ते दिसल्याचं कळूही नये. नंतर दोन काल्पनिक उमेदवारांतून निवड करायला सांगायचं. चमकवलेल्या नावाकडे कल वाढला. मग त्यांनी प्रयोगशाळेबाहेर, खऱ्या स्थानिक निवडणुकीच्या धामधुमीत रस्त्याकडेच्या अंगणात एका अस्तित्वातच नसलेल्या उमेदवाराच्या पाट्या लावल्या. त्या रस्त्यानं ये-जा करणाऱ्या पालकांना तो उमेदवार इतर पालकांपेक्षा जास्त दमदार वाटला. लोकांना नाव आवडलं म्हणून हे होत नव्हतं. नाव ओळखीचं, म्हणजे हा निवडून येऊ शकतो, असा हिशेब मनात होत होता. आणि याच संशोधनातली दुसरी बाजू विसरू नये : सध्या पदावर कोण आहे यासारखी अधिक कामाची माहिती दिली, की नावाची जादू ओसरत होती.

ही ओळख वारशात मिळाली नाही तर विकत घ्यावी लागते. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०१८ मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक उमेदवारी मागत होते. त्यांनी सुपर बोलच्या सामन्यावेळी जी जाहिरात दाखवली, तीत माणसं त्यांचं आडनाव उच्चारताना अडखळत होती. धोरण-बिरण नंतर, आधी 'ठाणेदार' जिभेवर बसवायचं. त्यांनी पदरचे लाखो डॉलर ओतले आणि तिसरे आले. आज ते मिशिगनमधूनच अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात आहेत. बुश किंवा केनेडी नावाच्या माणसाला तो खर्च जन्मतःच माफ असतो.

पण फक्त माफी मोजून भागत नाही. घराण्यातल्या उमेदवाराकडे पैसा, ओळखीपाळखी, कार्यकर्ते, आणि जेवणाच्या टेबलावर मिळालेलं राजकारणाचं बाळकडूही असतं. यातलं आडनावाचं किती आणि बाकीचं किती? अर्नेस्तो दाल बो, पेद्रो दाल बो आणि जेसन स्नायडर यांनी २००९ मध्ये यासाठी एक युक्ती वापरली. १७८९ पासूनचे अमेरिकी काँग्रेसचे, म्हणजे तिथल्या संसदेचे, सदस्य घेतले आणि दुसऱ्या वेळी काठावर पास झालेले व काठावर नापास झालेले शेजारी ठेवले. ३५ गुणांवाला आणि ३४ गुणांवाला यांच्या बुद्धीत फरक नसतो, नशिबात असतो. तसंच इथे : घराणं, पैसा, वकूब सारखाच, फक्त एकाला आणखी एक कार्यकाळ मिळाला. निघालं असं की जास्त काळ सत्तेत राहिलेल्याचे नातेवाईक पुढे काँग्रेसमध्ये येण्याची शक्यता वाढते. म्हणजे 'खाण तशी माती' हे पूर्ण उत्तर नाही. खुर्चीच खुर्चीला जन्म देते. फिलिपिन्समध्ये पाब्लो केरुबिन यांनी याच पद्धतीनं पाहिलं, तिथे तर हा परिणाम फारच तीव्र आढळला.

मात्र काँग्रेसची जागा आणि राष्ट्राध्यक्षपद यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. खालच्या निवडणुकीत मतदाराला माहिती कमी असते आणि नाव हीच मोठी खूण असते. राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवाराची मात्र दीड वर्ष चिरफाड होते. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण इथे ती मूठ रोज रात्री टीव्हीवर उघडली जाते.

अमेरिकेच्या इतिहासात एक मौज आहे. वडील किंवा आजोबा राष्ट्राध्यक्ष असलेले तिघेच त्या पदावर पोचले : जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स, बेंजामिन हॅरिसन आणि जॉर्ज डब्ल्यू. बुश. तिघांनाही पहिल्यांदा निवडून येताना, १८२४, १८८८ आणि २००० मध्ये, देशभरातली लोकांची मतं प्रतिस्पर्ध्यापेक्षा कमी पडली होती. अ‍ॅडम्स यांना प्रतिनिधिगृहानं तारलं, बाकी दोघांना राज्यवार मोजणीनं. तीन उदाहरणांवरून नियम काढला तर संख्याशास्त्राचे प्राध्यापक कान धरतील, आणि १८२४ मध्ये काही राज्यांत जनतेचं मतदानच नव्हतं. तरी मला हा योगायोग सांगितल्याशिवाय राहवत नाही.

जास्त बोलका पुरावा शेजारी आहे. श्रीलंकेत २०१९ मध्ये गोटाबाया राजपक्षे ५२.२५ टक्के मतं घेऊन राष्ट्राध्यक्ष झाले. त्या आडनावामागे तेव्हा यादवी युद्ध संपवल्याची आठवण होती. २०२२ मध्ये परकीय चलन संपलं, पेट्रोलसाठी दिवस-दिवस रांगा लागल्या, आणि जुलैत ते देश सोडून गेले. २०२४ मध्ये पुतण्या नमल राजपक्षे उभा राहिला. त्याला मिळाली २.५७ टक्के. तेच आडनाव, तोच देश, मध्ये पाचच वर्षं. ओळख तसूभरही कमी झाली नव्हती, उलट वाढलीच असेल! त्याच निवडणुकीत दुसरे एक राष्ट्राध्यक्षपुत्र, सजित प्रेमदासा, ३२ टक्क्यांच्या वर गेले. त्यांच्या वडिलांची हत्या १९९३ मध्ये झाली होती.

आता फिलिपिन्स. राष्ट्राध्यक्ष फर्डिनांड मार्कोस यांना १९८६ मध्ये लोकांनी रस्त्यावर उतरून घालवलं. २०२२ मध्ये त्यांचा त्याच नावाचा मुलगा जवळपास ५९ टक्के मतांनी राष्ट्राध्यक्ष झाला. मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जण ४१ किंवा त्याहून कमी वर्षांचे होते; १९८६ मध्ये त्यातले सर्वांत मोठे पाच वर्षांचे. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष दुतेर्ते यांच्या मुलीशी केलेली युती आणि समाजमाध्यमांवर रंगवलेलं 'सुवर्णयुग' यांचा वाटा मोठा होता, सगळं श्रेय विस्मृतीला देता येणार नाही. पण ते सुवर्णयुग विकलं गेलं, कारण समोरच्या माणसाकडे स्वतःची आठवण नव्हती. नाव ठाऊक होतं, ते कशामुळे ठाऊक होतं ते नव्हतं. वाइसडॉर्फ हा प्रसिद्ध माणूस नाही, हे यादी वाचलेल्यालाही दुसऱ्या दिवशी आठवत नव्हतं. इथे तर बहुतेकांनी यादी वाचलीच नव्हती.

प्रयोगशाळेतल्या चोवीस तासांची सांगड देशाच्या छत्तीस वर्षांशी घालणं ही माझी जुळवाजुळव आहे, कबूल. पण एका देशानं ती मला सर्वांत पटवून दिली, तो म्हणजे पेरू.

आल्बेर्तो फुजीमोरी १९९० ते २००० तिथे राष्ट्राध्यक्ष होते. आकाशाला भिडलेली महागाई त्यांनी आटोक्यात आणली, 'शायनिंग पाथ' या हिंसक संघटनेचा म्होरक्या १९९२ मध्ये पकडला. त्याच वर्षी ५ एप्रिलला संसद बरखास्त करून सगळी सत्ता हाती घेतली. शेवटी जपानमधून फॅक्सनं राजीनामा पाठवला, आणि पुढे मानवी हक्कांच्या खटल्यात २५ वर्षांची शिक्षा झाली. थोरली मुलगी केइको १९ व्या वर्षापासून वडिलांबरोबर 'प्रथम महिला' म्हणून वावरली, कारण आईवडील वेगळे झाले होते.

केइको राष्ट्राध्यक्षपदाच्या २०११, २०१६ आणि २०२१ च्या निवडणुका लढल्या. तिन्ही वेळा पहिल्या दोघांत होणाऱ्या दुसऱ्या फेरीत पोचल्या, तिन्ही वेळा हरल्या. २०१६ मध्ये पहिल्या फेरीत जवळपास ४० टक्के मतं, दुसरीत सुमारे ४१ हजार मतांनी पराभव. २०२१ मध्ये १८ उमेदवारांच्या गर्दीत फक्त १३ टक्के, पण गर्दीमुळे दुसऱ्या क्रमांकाला तेवढे पुरले. समोर खेड्यातले शाळामास्तर पेद्रो कास्तियो, ज्यांना काही महिन्यांपूर्वी राजधानीत फारसं कुणी ओळखत नव्हतं. दुसऱ्या फेरीत त्यांनी केइको यांना सुमारे ४४ हजार मतांनी हरवलं.

म्हणजे आडनाव घराला पक्का पाया घालून देतं आणि छत मात्र बुटकं ठेवतं. कितीही पडझड झाली तरी निष्ठावंत सोडत नाहीत. आणि समोर कुणीही असो, ५० टक्क्यांच्या आसपास डोकं आपटतं. पहिली फेरी 'तुम्हाला कोण हवं' असं विचारते, दुसरी 'कोण नको'. पेरूत नाव कुणी विसरलेलं नाही, पण निम्म्यांना महागाई आणि दहशतीचा अंत आठवतो, निम्म्यांना ५ एप्रिल. २०१६ च्या मतदानाच्या पाच दिवस आधी, नेमक्या त्याच तारखेला, लिमाच्या रस्त्यांवर केइकोंच्या विरोधात हजारोंचा मोर्चा निघाला. त्याआधी दोनच दिवस त्यांनी टीव्हीवरच्या वादचर्चेत ५ एप्रिल पुन्हा होणार नाही अशा लेखी हमीवर सही केली होती. त्यांच्या पक्षाचं चिन्ह आहे नारिंगी रंगाचं एक अक्षर, 'के'. केइकोमधला 'के', फुजीमोरीमधलं एकही अक्षर त्यात नाही.

आणि हे आडनाव मुळात निवडून कसं आलं होतं? १९९० मध्ये आल्बेर्तो फुजीमोरी हे कृषी विद्यापीठाचे माजी प्रमुख होते, ट्रॅक्टरवरून प्रचार करत. लोक त्यांना 'एल चिनो', म्हणजे चिनी, म्हणत, आणि मूळ जपानी असूनही त्यांना त्याचं वावडं नव्हतं. निवडणुकीच्या काही आठवडे आधीपर्यंत त्यांना कुणी मोजतही नव्हतं. समोर होते देशातले सर्वांत प्रसिद्ध लेखक, मारियो व्हार्गास योसा. पहिल्या फेरीत योसा थोडे पुढे राहिले, दुसरीत फुजीमोरी यांनी ६० टक्क्यांवर मतं घेतली.