माजी मुख्यमंत्री, मंत्री किंवा राज्यपालांविरुद्ध फौजदारी तक्रार: अर्ज कुठे अडतो आणि का

प्लॅस्टिकच्या पिशवीत तीन वर्षांचे कागद घेऊन एक निवृत्त शिक्षक माझ्याकडे आले होते. एका माजी मंत्र्यावर भ्रष्टाचाराचा खटला चालवायला परवानगी मिळावी म्हणून त्यांनी थेट सरकारकडे अर्ज केला होता. आठ महिन्यांनी दोन ओळींचं पत्र आलं: अर्ज दप्तरी दाखल करण्यात आला आहे. कारण दिलेलं नव्हतं. मला ते ठाऊक होतं, कारण असं पत्र मी याआधीही लोकांच्या हातात पाहिलेलं आहे. मजकुरात चूक नव्हती, पुरावेही बरे होते. चुकला होता तो क्रम. आणि तो क्रम कुठला, हे त्या पत्रात एका वाक्यात लिहायला कोणाचं काय जात होतं?

आधी पात्रता. तक्रार कोण करू शकतं? कोणीही. तुम्ही स्वतः पीडित असलं पाहिजे, मतदार असलं पाहिजे, पक्षाचे असलं पाहिजे, असं काही नाही. हे ठरलं तेही महाराष्ट्रातल्याच खटल्यात. अ. र. अंतुले मुख्यमंत्री असताना सिमेंटचे परवाने आणि त्यांनी स्थापलेल्या प्रतिष्ठानाला मिळालेल्या देणग्या यांवरून भाजपचे रामदास नायक यांनी १९८१ मध्ये तक्रार केली. लोकसेवकावर खटला चालवण्याआधी सरकारची परवानगी लागते, त्या पूर्वपरवानगीच्या प्रश्नावर ती अडली. जानेवारी १९८२ मध्ये अंतुल्यांनी राजीनामा दिला, जुलैमध्ये राज्यपालांनी खटल्याला परवानगी दिली आणि ऑगस्टमध्ये नायकांनी भ्रष्टाचाराचे खटले चालवणाऱ्या विशेष न्यायाधीशांसमोर नवी तक्रार दाखल केली. खासगी माणसाची तक्रार विशेष न्यायाधीशाला थेट घेता येते, यावर सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये शिक्कामोर्तब केलं. तेव्हा 'तुमचा संबंध काय?' असं कोणी विचारलं तर घाबरू नका.

पण याच खटल्यात त्याच दिवशी दिलेल्या दुसऱ्या निकालातली गोष्ट आज लोकांना गोत्यात आणते. पद सोडलेल्या माणसावर खटला चालवायला भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याखाली परवानगी लागत नाही, असं त्यात म्हटलं होतं. आमदार हा लोकसेवक नाही, असंही म्हटलं होतं. दोन्ही गोष्टी आता बदलल्या आहेत. १९८८च्या नव्या कायद्यात लोकसेवकाची व्याख्या रुंदावली, आणि खासदार-आमदार तिच्यात येतात हे १९९८ मध्ये नरसिंह राव खटल्यात स्पष्ट झालं. (रामटेकमधून लोकसभेवर गेलेले हे माजी पंतप्रधान २००० मध्ये दोषी ठरले आणि २००२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात निर्दोष सुटले.) २६ जुलै २०१८ पासून तर त्याच कायद्याच्या कलम १९ मध्ये, म्हणजे परवानगीच्या कलमात, 'पदावर होता' अशांचाही समावेश झाला. म्हणजे आरोप ज्या काळातला, त्या काळात ती व्यक्ती पदावर असेल, तर आज ती घरी बसलेली असली तरी परवानगी लागते. जुनं पुस्तक उघडून 'माजी आहे, परवानगी नको' असं लिहून देणारे अजून भेटतात. त्यांच्या भरवशावर राहू नका.

राष्ट्रपती आणि राज्यपाल यांची गोष्ट वेगळी. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३६१ प्रमाणे पदाच्या मुदतीत त्यांच्यावर फौजदारी कारवाई सुरूही करता येत नाही आणि चालूही ठेवता येत नाही. हे संरक्षण फक्त मुदतीपुरतं आहे. कल्याणसिंह राजस्थानचे राज्यपाल असताना, २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बाबरी प्रकरणात सांगितलं होतं की ते पदावरून उतरताच त्यांच्यावर आरोप निश्चित करावेत. सप्टेंबर २०१९ मध्ये ते पदमुक्त झाले आणि त्याच महिन्यात आरोप निश्चित झाले. पुढच्या वर्षी सर्व आरोपींबरोबर तेही निर्दोष सुटले. मुदत चालू असताना केलेली तक्रार परत येते. तोवर कागद जपून ठेवा, ते वाया जात नाहीत.

आता तो क्रम.

पोलिसांना परवानगी मागायची असेल तर ते तपासानंतर सरळ मागतात. तुम्हाआम्हाला तसं करता येत नाही. कलम १९ मध्ये २०१८ साली घातलेल्या अटीप्रमाणे खासगी माणसाने आधी सक्षम न्यायालयात, म्हणजे विशेष न्यायाधीशांसमोर तक्रार दाखल करायची. न्यायालयाने ती फेटाळता कामा नये, आणि 'परवानगी घेऊन या' असा निर्देश तक्रारदाराला दिला पाहिजे. तो निर्देश हातात आल्यावरच परवानगीचा अर्ज. त्या शिक्षकांकडे नव्हता तो हाच कागद, आणि बहुतेकांकडे हाच नसतो. न्यायालयाच्या आदेशाची प्रमाणित प्रत काढा, अर्जाच्या पहिल्या परिच्छेदात तिची तारीख आणि प्रकरण क्रमांक लिहा, प्रत सोबत जोडा. अर्ज मुख्यमंत्री किंवा मंत्र्याबद्दल असेल तर परवानगी राज्यपालांची. अशा अर्जावर निर्णय होण्याआधी त्या लोकसेवकालाही म्हणणं मांडायची संधी मिळते, तेव्हा आपले सगळे पत्ते त्याच्यासमोर जाणार हे गृहीत धरा.

पोलीस तपास हवा असेल तर वाट वेगळी आहे. आधी पोलीस ठाण्यात किंवा लाचलुचपत प्रतिबंधक विभागाकडे लेखी तक्रार. दखल घेतली नाही तर पोलीस अधीक्षकांना लेखी. तिथेही काही झालं नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम १७५(३) खाली शपथपत्रासह न्यायालयात अर्ज. अधीक्षकांची पायरी गाळली की अर्ज गेलाच. हातोहात दिलं असेल तर आवक क्रमांकाचा शिक्का मारलेली पोच हवी. शिक्का मारायला टाळाटाळ करतात, मी स्वतः काउंटरवर दीड तास उभा राहिलो आहे. असं झालं तर वाद घालू नका, पोचपावतीसह स्पीड पोस्टने पाठवा आणि ती पावती शपथपत्राला जोडा. आणखी एक अडथळा भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम १७अ चा: पदावर असताना केलेली शिफारस किंवा घेतलेला निर्णय हाच आरोपाचा विषय असेल, तर पोलिसांना चौकशी सुरू करण्याआधीच मान्यता घ्यावी लागते. लाच घेताना जागेवर पकडलं तर ती लागत नाही.

कलमं लिहितानाही जपा. 'पदाचा गैरवापर' हे जुनं कलम १३(१)(ड) २०१८ मध्ये गेलं. त्यानंतरच्या घटनेबद्दल नुसता 'गैरवापर' लिहून भागत नाही. कोणाला, कोणता गैरलाभ, कोणत्या कामासाठी, हे दाखवावं लागतं.

मुदतींचा गोंधळ सर्वांत जास्त होतो. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २१८ मध्ये १२० दिवसांत निर्णय झाला नाही तर परवानगी मिळाली असं मानलं जातं. हे वाचून लोक १२१व्या दिवशी पेढे घेऊन येतात. पण ती तरतूद सरकारी काम करताना घडलेल्या इतर गुन्ह्यांसाठीची आहे. भ्रष्टाचाराच्या कायद्यातलं कलम १९ वेगळं: तिथे तीन महिने, आणि कायदेशीर सल्ला लागणार असेल तर आणखी एक महिना. चार महिने उलटले म्हणून परवानगी आपोआप मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ही मुदत बंधनकारक ठरवली, उशिराबद्दल सक्षम अधिकाऱ्याला जबाब विचारता येईल असंही सांगितलं. चार महिने झाले की उच्च न्यायालयात जाऊन निर्णय मागता येतो. मागावा लागतो, हे लक्षात ठेवा. तक्रार करायलाच मात्र मुदत नाही. या गुन्ह्यांची शिक्षा तीन वर्षांहून जास्त असल्याने कालमर्यादा आड येत नाही. उशीर का झाला हे दोन ओळींत प्रामाणिकपणे लिहा, तेवढं पुरतं.

कागदपत्रांत ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, नोटरी केलेलं शपथपत्र हे नेहमीचं. सरकारी फाइलींच्या प्रती माहिती अधिकारात प्रमाणित करून घ्या: अर्जाला १० रुपये, पानाला २ रुपये. झेरॉक्सवर कोणी आणून दिलेली 'आतली' टिपणी जोडू नका, ती कुठून आली हेच पहिलं विचारतात.

खरी अडचण मोबाईलमधल्या पुराव्याची. ध्वनिफीत, व्हिडिओ, व्हॉट्सअॅपचे स्क्रीनशॉट यांना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या (नव्या पुरावा कायद्याच्या) कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं. त्याचे दोन भाग आहेत. पहिल्यावर ते उपकरण ज्याच्या ताब्यात आहे त्याची सही, दुसऱ्यावर तज्ज्ञाची. शिवाय फाइलचा हॅश लिहावा लागतो, म्हणजे त्या फाइलचा अंगठा समजा: एक अक्षर बदललं तरी तो बदलतो. ग्रुपवर फिरत आलेल्या फॉरवर्डला असं प्रमाणपत्र देणार कोण? म्हणून मूळ फोन विकू नका, फॉरमॅट करू नका.

आणि उपकरण समोरच्याच कार्यालयात असेल तर? याचंही उत्तर महाराष्ट्रातूनच आलं. जालन्याच्या निवडणूक याचिकेत निवडणूक कार्यालयाचं चित्रीकरण मिळालं, पण वारंवार मागूनही अधिकाऱ्यांनी प्रमाणपत्र दिलं नाही. खोतकर विरुद्ध गोरंट्याल या निकालात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये प्रमाणपत्र अनिवार्यच ठरवलं. पण संबंधिताने ते नाकारलं तर न्यायालयाला अर्ज करून ते मागवता येतं, आणि माणसाने हातातलं सगळं करून पाहिलं असेल तर त्याला त्याची शिक्षा नाही, हेही सांगितलं. म्हणून प्रमाणपत्राची मागणी लेखी करा. नकार आला, उत्तरच आलं नाही, तरी मागणीची प्रत सांभाळा. पुढे तोच तुमचा पुरावा.

परवानगी नाकारली गेली तर पुन्हा मागता येते का? नवीन पुरावा असेल तरच. आदर्श प्रकरणात अशोक चव्हाण यांच्यावर खटल्याची परवानगी २०१३ मध्ये एका राज्यपालांनी नाकारली, २०१६ मध्ये दुसऱ्या राज्यपालांनी दिली, आणि डिसेंबर २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली, कारण न्यायालयात टिकेल असं नवं काही समोर आलं नव्हतं. तोच अर्ज नव्या तारखेने टाकून वेळ घालवू नका.

शपथपत्रात ऐकीव गोष्ट 'मला माहीत आहे' म्हणून लिहू नका. 'मी पाहिलं', 'मला या कागदावरून कळलं' आणि 'मला सांगितलं गेलं' हे तीन वेगळे परिच्छेद ठेवा. खोट्या शपथपत्राचा गुन्हा तुमच्यावरच येतो, आणि समोरच्याचे वकील आधी तेच शोधतात.

खटला सुरू झाल्यावरही लक्ष ठेवा. सरकार बदललं की खटला मागे घेण्याचा अर्ज येऊ शकतो. आजी-माजी खासदार-आमदारांवरचे खटले उच्च न्यायालयाच्या परवानगीशिवाय मागे घेता येणार नाहीत, असा सर्वोच्च न्यायालयाचा १० ऑगस्ट २०२१ चा आदेश आहे. सरकारी वकिलांनी असा अर्ज केला, तर उच्च न्यायालयाच्या त्या परवानगीची प्रत मागा आणि मागितल्याची नोंद त्या दिवशीच्या रोजनाम्यात (न्यायालयाच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीत) करून घ्या.