एसीच्या भरवशावर गाडीत ठेवलेलं मूल

"गाडी चालूच ठेवलीय, एसी लावलाय, दोन मिनिटांत आलोच." मेडिकलसमोर, डेअरीसमोर, एटीएमसमोर हे वाक्य रोज कानावर पडतं. बोलणाऱ्याच्या मनात काळजीच असते. बंद गाडीत पोर उकडून निघेल, म्हणून इंजिन चालू. बंद गाडीतल्या उन्हाचा धोका लोकांना कळू लागलाय, हे चांगलंच आहे. पण इंजिन चालू ठेवल्याने तो धोका फक्त पुढे ढकलला जातो, आणि बंद गाडीत जे धोके नव्हते ते त्या पोराच्या शेजारी येऊन बसतात.

आधी एसीचंच पाहू. पेट्रोल, डिझेल किंवा सीएनजी गाडीत एसीचा कॉम्प्रेसर साधारणपणे इंजिनवरच्या बेल्टने फिरतो. इंजिन थांबलं की गारवा थांबतो. आतला पंखा मात्र बॅटरीवर फिरत राहू शकतो, त्यामुळे आवाज येत राहतो आणि बाहेरून सगळं ठीक वाटतं. इंजिन थांबायला कारणंही बरीच आहेत. मुलाने पुढे येऊन किल्ली फिरवली किंवा स्टार्टचं बटण दाबलं, पेट्रोल तळाला होतं, काही मॉडेलमध्ये ठरावीक वेळेनंतर उभ्या गाडीचं इंजिन आपोआप बंद होतं. बटणवाली चावी तुमच्या खिशात असेल तर तुम्ही दुकानात गेल्यावरही इंजिन चालू राहतं, पण एकदा बंद पडलं की चावीशिवाय ते पुन्हा सुरू होत नाही.

इंजिन चालू असूनही एसी जाऊ शकतो. एसीची उष्णता बाहेर टाकणारी जाळी, म्हणजे कंडेन्सर, रेडिएटरच्या पुढे असते. गाडी पळत असताना समोरचा वारा तिला थंड ठेवतो, उभ्या गाडीत ते काम एकट्या रेडिएटर फॅनवर येतं. फॅनचा फ्यूज किंवा रिले गेलेला असला तरी हायवेवर काहीच जाणवत नाही. 44 अंशांच्या नागपुरी दुपारी गाडी उभी केली की कूलंट तापतं, आणि गाडीचा संगणक इंजिन वाचवण्यासाठी कॉम्प्रेसर बंद करतो. मागे कोण बसलंय याच्याशी त्याला देणंघेणं नसतं.

एसी गेल्यावर हातात वेळ किती असतो? 2005 साली 'पीडियाट्रिक्स' या वैद्यकीय नियतकालिकात उन्हात उभ्या गाडीची मापनं प्रसिद्ध झाली. बाहेर 22 ते 36 अंश सेल्सिअस तापमान असताना तासाभरात आतलं तापमान सरासरी 22 अंशांनी चढलं, आणि त्यातली 80 टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. काचा बोटभर खाली ठेवून फारसा फरक पडला नाही. आपल्या विषयाला लागू पडणारी गोष्ट पुढेच आहे: आधी एसी लावून गाडी गार करून ठेवली, तर चढ साधारण पाच मिनिटं उशिरा आला, इतकंच.

कारण साधं आहे. आतली हवा जेमतेम तीन घनमीटर, म्हणजे वजनाने साडेतीन किलोच्या आसपास. ती गार करणं सोपं आणि तापवणंही सोपं. ऊन काचेतून आत येतं, डॅशबोर्ड, सीट आणि स्टिअरिंगला तापवतं. ही तापलेली प्लास्टिकं जी उष्णता परत फेकतात ती लांब तरंगलांबीची असते, काच तिला बाहेर जाऊ देत नाही. उन्हातला काळा डॅशबोर्ड 70 अंशांच्या वर जातो.

आणि मूल म्हणजे लहान आकाराचा मोठा माणूस नव्हे. साडेतीन किलोच्या तान्ह्या बाळाची कातडी सुमारे 0.22 चौरस मीटर असते, 70 किलोच्या माणसाची 1.8 चौरस मीटर. किलोमागे हिशेब केला तर बाळाच्या वाट्याला अडीचपट कातडी येते. भोवतालची हवा अंगापेक्षा गरम झाली की ही कातडी उष्णता आत घेणारी खिडकी होते. त्यात मुलांना घाम कमी येतो, आणि चाइल्ड सीटचा जाड फोम पाठीला हवा लागू देत नाही. शरीराचं आतलं तापमान 40 अंशांच्या वर गेलं आणि मूल बरळू लागलं, ग्लानीत गेलं किंवा त्याला झटके आले, तर तो उष्माघात.

आता चालू इंजिनाबरोबर येणारे धोके. यातला पहिला गाडी शिकवणारेही फारसा सांगत नाहीत. गाडी बंद करून उभी करताना आपण हँडब्रेक ओढतो आणि गाडी गिअरमध्ये ठेवतो. म्हणजे ती दोन गोष्टींनी धरलेली असते. इंजिन चालू ठेवायचं तर मॅन्युअल गाडी न्यूट्रलमध्येच ठेवावी लागते, आणि मग तिला फक्त हँडब्रेक धरून असतो. आपल्याकडे खपणाऱ्या बहुतेक एएमटी गाड्यांना (मॅन्युअल गिअरबॉक्सच, पण गिअर आपोआप बदलणाऱ्या) चाकं अडकवून ठेवणारा 'पी' म्हणजे पार्किंगचा गिअरच नसतो, त्यामुळे त्यांचीही तीच गत. दोन सीटच्या मधला तो दांडा सात-आठ वर्षांच्या मुलाला जरा वर खेचून, टोकाचं बटण दाबून खाली टाकता येतो. ते त्याने तुम्हाला शंभरदा करताना पाहिलेलं असतं. दहा फुटांना एक फूट अशा उतारावर सुटलेली गाडी पाच सेकंदांत दहा मीटर जाते आणि तिचा वेग ताशी 15 किलोमीटरच्या घरात पोचतो. सोसायटीच्या बेसमेंटचा उतार साधारण असाच असतो. ज्या ऑटोमॅटिक गाड्यांना 'पी' असतो त्यांत ब्रेकवर पाय दिल्याशिवाय गिअरचा दांडा हलत नाही. तीन वर्षांच्या मुलाचा पाय तिथवर पोचत नाही, दहा वर्षांच्याचा पोचतो. आणि एकदा 'डी' (पुढे जाण्याचा गिअर) पडला की ब्रेकवरून पाय निघताच गाडी स्वतःच सरकू लागते.

दुसरा धोका काचांचा. इंजिन चालू म्हणजे चारही पॉवर विंडो जिवंत. तुमच्या गाडीची बटणं एकदा नीट बघून घ्या. काही ठिकाणी काच वर घ्यायला बटण बोटाने उचलावं लागतं, ते सुरक्षित. जिथे ते दाबूनही काच वर जाते, तिथे खिडकीबाहेर डोकावणाऱ्या मुलाचा गुडघा आर्मरेस्टवर टेकला तरी काच चढू लागते आणि मान मध्ये असते. काचेची मोटर श्वासनलिका दाबायला पुरेशी ताकदवान असते, मुलाची शुद्ध काही सेकंदांत हरपते आणि त्याला ओरडताही येत नाही. अडथळा लागला की काच उलटी खाली येण्याची सोय अनेक गाड्यांत फक्त ड्रायव्हरच्या काचेला असते. मूल मात्र मागे बसतं. ड्रायव्हरच्या दारावर काचा लॉक करणारं एक बटण असतं. ते एरवीही दाबलेलंच असावं.

तिसरा धोका दिसत नाही आणि त्याला वासही नसतो. कार्बन मोनॉक्साइड. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा 200 पटींहून जास्त घट्ट चिकटतो. चांगल्या गाडीतला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर हा वायू जाळून टाकतो, पण तो 250-300 अंशांना तापल्यावरच कामाला लागतो. थंड इंजिनात हवेच्या मानाने पेट्रोलही मुद्दाम जास्त सोडलेलं असतं, त्यामुळे सुरू केल्यानंतरची पहिली काही मिनिटं सर्वांत वाईट. अमेरिकेत आयोवा स्टेट विद्यापीठाच्या मापनात गॅरेजचं दार उघडं ठेवून गाडी फक्त दोन मिनिटं चालवली, तरी आतल्या हवेत हा वायू दशलक्षात 500 भागांवर गेला, आणि गाडी बाहेर काढून दहा तास झाले तरी तिथे तो मोजता येत होता. दशलक्षात 800 भाग असले तर पाऊण तासात चक्कर आणि मळमळ सुरू होते, 3,200 असले तर अर्ध्या तासात मृत्यू येऊ शकतो. हे आकडे मोठ्या माणसांचे. छोटं मूल मिनिटाला 25-30 श्वास घेतं, म्हणजे आपल्या दुप्पट, त्यामुळे त्याच्या रक्तात हा वायू लवकर भरतो.

गाडी पळत असते तेव्हा धूर मागे राहतो. उभी असते तेव्हा तो गाडीखालीच साचतो आणि गंजलेला सायलेन्सर, सैल झालेला पाइपचा जोड, डिकीचं फाटलेलं रबर, वायरिंगसाठी पाडलेलं फरशीचं भोक, जिथे वाट मिळेल तिथून आत शिरतो. कोकण-गोव्याच्या खाऱ्या हवेत सायलेन्सर लवकर कुजतो, तिथे हे अधिक जपायला हवं. बेसमेंटमध्ये मागची बाजू भिंतीला लावून उभी केलेली गाडी हा आणखी एक सापळा. डिसेंबर 2024 मध्ये केरळातल्या वडकरा इथे रस्त्याकडेला थांबलेल्या कॅराव्हॅनमध्ये दोघेजण मृतावस्थेत सापडले. जनरेटरचा धूर आत शिरला होता. जानेवारी 2016 मध्ये न्यू जर्सीतल्या पसेइक शहरात एक जण गाडीभोवतीचा बर्फ काढत होता. थंडीपासून बचाव म्हणून बायको आणि दोन लेकरं चालू गाडीत बसलेली, आणि धुराचा पाइप बर्फात गाडला गेलेला. तो चार पावलांवर होता, गाडीत आई होती, आणि तरी ती तिघंही वाचली नाहीत. त्या राज्यात मराठी घरं पुष्कळ आहेत, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

ओळखायचं कसं? डोकेदुखी, मळमळ, मग झोप. दोन वर्षांचं मूल डोकं दुखतंय असं सांगत नाही, ते पेंगतं, आणि आपण म्हणतो, बरं झालं झोपलं. कोरोनात घेतलेल्या पल्स ऑक्सिमीटरवर इथे अजिबात विसंबू नका. वायू चिकटलेलं रक्त त्या यंत्राला ऑक्सिजनवालं वाटतं आणि ते 98 दाखवत राहतं. मुलाला आधी मोकळ्या हवेत न्या, आणि दवाखान्यात पोचताच "चालू गाडीत होता" हे पहिलं वाक्य सांगा. त्यावरून रक्ताची योग्य तपासणी होते आणि ऑक्सिजन लावला जातो. साध्या हवेत हा वायू रक्तात निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर तास-दीड तास.

चालू गाडी चोराला फुकटची असते, हेही खरं. जून 2024 मध्ये दिल्लीच्या लक्ष्मीनगरमध्ये मिठाईच्या दुकानाबाहेर उभी केलेली गाडी आत बसलेल्या दोन मुलांसकट पळवली गेली. काही तासांनी मुलं सुखरूप मिळाली.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. मोटार वाहन कायदा 1988, कलम 126: ड्रायव्हरच्या सीटवर परवानाधारक माणूस नसेल, तर सार्वजनिक जागी इंजिन बंद करून ब्रेक लावल्याशिवाय, किंवा गाडी आपोआप हलणार नाही अशी तजवीज केल्याशिवाय, ती उभी ठेवता येत नाही. म्हणजे मूल बाजूला राहू द्या, रिकामी गाडीसुद्धा चालू सोडून जायला मनाई आहे. अमेरिकेत राहणाऱ्यांनी आपल्या राज्याचा नियम पाहून ठेवावा. वॉशिंग्टन राज्यात 16 वर्षांखालच्या मुलाला सार्वजनिक जागी चालू गाडीत एकटं ठेवणं गुन्हा आहे, कॅलिफोर्नियात हा नियम सहा वर्षांपर्यंतच्या मुलांना लागू आहे.

तेव्हा मुलाला सोबत घ्या, झोपलेलं असलं तरी उचलून घ्या. ते अगदीच जमणार नसेल तर दुकानात फोन करून सामान गाडीपाशी मागवा, पैसे यूपीआयने द्या. सोबत कुणी असेल तर गाडी चालवता येणारा माणूस ड्रायव्हरच्या सीटवर बसवा. आजोबा मागे बसलेत म्हणजे गाडीवर कुणाचा ताबा आहे असं होत नाही. वर्षातून एकदा, आणि पावसाळ्यानंतर नक्की, गाडी लिफ्टवर घेऊन मेकॅनिककडून सायलेन्सरचे जोड तपासून घ्या. जोडाभोवती काजळीचा काळा डाग दिसला तर तिथून धूर गळतोय. चार-पाच वर्षांच्या मुलाला पुढे येऊन हॉर्न वाजवायला शिकवा. बहुतेक गाड्यांत इंजिन बंद असतानाही तो वाजतो.

आणि कुणाचं मूल गाडीत अडकलेलं दिसलं आणि ते प्रतिसाद देत नसेल, तर मालकाची वाट पाहू नका. एकाने 112 ला फोन लावावा, दुसऱ्याने काच फोडावी. पुढची मोठी काच सोडून द्या, तिच्या दोन थरांमध्ये प्लास्टिक असतं, ती फक्त तडकते. मुलापासून सर्वांत लांबच्या दाराची काच निवडा आणि तिच्या मध्यावर न मारता खालच्या कोपऱ्यात टोकदार, कठीण वस्तूने मारा. बाजूची काच सहसा खड्यांसारखी भुगा होऊन पडते. मुलाला सावलीत न्या, कपडे काढा, अंगभर पाणी ओता आणि जोरात वारा घाला. मान, काखा आणि जांघा यांना गार पाण्याच्या ओल्या घड्या लावा. शुद्ध नसेल तर तोंडात पाण्याचा थेंबही घालू नका. पॅरासिटामॉलने हा ताप उतरत नाही, त्यात वेळ घालवू नका. रुग्णवाहिका येईपर्यंत पाणी आणि वारा थांबवायचा नाही.