कृपाण बाहेर ठेवायचं नसतं

‘गुरुद्वारात शिरताना चपलांसारखंच कृपाणही (शिखांचं छोटं खड्ग) बाहेर ठेवतात,’ असं अनेक जण ठामपणे सांगतात. हे चुकीचं आहे. पादत्राणं काढायची, हातपाय धुवायचे, डोकं झाकायचं, तंबाखू-दारू आत न्यायची नाही; हे नियम सगळ्यांना. पण 1699 मध्ये आनंदपूर साहिबला खालसा पंथ स्थापन झाला, तेव्हापासून अमृतधारी, म्हणजे खालसाची दीक्षा घेतलेल्या, शिखासाठी कृपाण हा पाच ककारांपैकी (‘क’ने सुरू होणाऱ्या पाच धर्मचिन्हांपैकी) एक आहे. केस, कंगवा, कडं, कच्छा यांच्यासारखंच ते अंगावरून उतरवायचं नसतं. ते ‘गातरा’ नावाच्या पट्ट्यात, म्यानात राहतं.

उलट, गुरुद्वारात कृपाणाला मानाचं काम आहे. अरदास, म्हणजे प्रार्थना, झाल्यावर कडाह प्रसादाला (कणकेच्या शिऱ्याला) कृपाण लावतात आणि मगच तो वाटतात. मला हे दृश्य फार भावतं: शस्त्र तेच, पण हात वाढप्याचा!

आपल्या नांदेडला हजूर साहिबच्या तख्तावर (शिखांच्या सर्वोच्च धर्मपीठांपैकी एकावर) तर गुरू गोविंदसिंगांची शस्त्रं श्रद्धेनं जपली आहेत. संविधानाच्या कलम 25 च्या स्पष्टीकरणातही कृपाण धारण करणं शीख धर्माचरणाचा भाग मानलं आहे. अर्थात, ही मुभा कुणीही चाकू-पिस्तूल खोचून आत यावं यासाठी नाही.